चार किलोमीटरांचा हिशेब

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. सकाळी कारखान्यांकडे, कचेऱ्यांकडे आणि महाविद्यालयांकडे निघालेल्या सायकलींच्या रांगा हे येथील नित्याचे दृश्य होते. सायकलीवर कर होता आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा मागे कोणी बसलेले दिसले, तर चौकातील पोलीस हटकत असे. ज्यांच्या घरी सायकल नव्हती, ते तासाच्या भाड्याने ती घेत. आज साठीच्या घरात असलेल्या अनेक वाचकांनी आपले पहिले ढोपर अशाच भाड्याच्या सायकलीवर फोडून घेतले असेल.

पुढे चित्र पालटले. आकुर्डीत स्कूटर तयार होऊ लागली. १९७२ साली जैन समाजातील फिरोदिया परिवाराच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लुना’ बाजारात आणली. तिला सायकलीसारखेच पायडल होते आणि इंजिन अवघे ५० सीसीचे. सायकलीवरून थेट मोटारसायकलवर जाण्याची ज्यांची ऐपत वा हिंमत नव्हती, त्यांना लुना ही मधली पायरी ठरली. एकेक पायरी चढत शहर इतके वर गेले की, २०१८ साली येथील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेली आणि ती लोकसंख्येहून अधिक असल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या.

या वाहनांच्या गर्दीतून रविवार पेठेतील कापडगंजात घाऊक कापडाचा व्यापार करणारे एक गृहस्थ गेली सहा वर्षे सायकलवरून दुकानाला जातात. वय अठ्ठावन्न, राहणे मुकुंदनगरात, घरी दोन मोटारी. आपले नाव छापू नये, एवढीच त्यांची अट आहे. त्यांची काही मते व्यापारी बांधवांना रुचणार नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे.

‘शेठ, गाडी बिघडली काय?’

आरंभ वैद्यकीय सल्ल्याने झाला. रक्तातील साखर वाढली, डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटे व्यायाम सांगितला. पहाटे उठून बागेत फिरण्याचा नेम दोन महिन्यांत मोडला. घर ते दुकान हे अंतर जेमतेम चार किलोमीटर. जाऊन-येऊन चाळीस मिनिटे सायकल चालवली, तर व्यायामासाठी निराळा वेळ काढावा लागणार नाही, असा साधा विचार त्यांनी केला.

पहिल्याच दिवशी शेजारच्या दुकानदाराने विचारले, “शेठ, गाडी बिघडली काय?” आठवडाभर हा प्रश्न चालला. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न थांबले आणि कुजबुज सुरू झाली. उधारीच्या व्यापारात पत हेच भांडवल असते. शेठ मोटार सोडून सायकलवर येतात, म्हणजे पेढी अडचणीत आहे, असा अर्थ बाजाराने काढला. सुरतेच्या एका जुन्या पुरवठादाराने तर फोन करून “सगळे ठीक आहे ना?” अशी चौकशी केली आणि त्या वेळच्या बिलाची मुदतही कमी केली. थोरल्या मुलाने तेव्हा स्पष्टच सांगितले, “पप्पा, व्यायामाची सायकल घरात घ्या. बाजारात नको.”

या प्रसंगाने ते काही दिवस अस्वस्थ होते. मात्र त्यांनी सायकल सोडली नाही. त्या वर्षी प्रत्येक देणे मुदतीच्या चार दिवस आधी चुकते केले. दिवाळीपर्यंत बाजाराची शंका फिटली. पत वाहनावर ठरत नाही, ती देण्याघेण्याच्या तारखांवर ठरते, हे त्यांचे मत या अनुभवातून आले आहे.

पेट्रोलची बचत किती?

सायकलमुळे पेट्रोलची मोठी बचत होते, असे मोघम विधान नेहमी केले जाते. हे गृहस्थ हिशेबी असल्याने ते त्यांना मान्य नाही. रोजचे आठ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे २०० किलोमीटर. स्कूटर लिटरला चाळीस किलोमीटर जाते असे धरले, तर पाच लिटर, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास. एवढ्यासाठी कोणी घाम गाळणार नाही, हे ते मोकळेपणाने मान्य करतात.

मोटारीचा हिशेब मात्र निराळा आहे. पेठांतील गर्दीत लिटरला दहा किलोमीटर मिळाले, तर महिन्याला वीस लिटर, म्हणजे दोन हजारांहून अधिक खर्च येतो. पण मोठा आकडा पेट्रोलचा नव्हेच. आठ लाखांची मोटार व्यवसायाच्या खात्यात घेतली, तर १५ टक्के दराने पहिल्याच वर्षी १ लाख २० हजारांचा घसारा पडतो. आयकरात वजावट मिळते म्हणून आपण समाधान मानतो. परंतु वजावट म्हणजे परतावा नव्हे, मूल्य तर गेलेलेच असते. त्यांच्या सायकलीची किंमत चौदा हजार रुपये होती. वर्षाकाठी टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन आणि एकदा ओव्हरऑयलिंग असा दोन-अडीच हजारांचा खर्च येतो. दुसरी मोटार विकण्याचा निर्णय त्यांनी दोन वर्षांपूर्वी याच आकड्यांवर घेतला होता. घरच्यांच्या विरोधामुळे तो अद्याप अमलात आलेला नाही.

वेळेचा हिशेबही त्यांनी मांडून पाहिला. सायकलवर वीस मिनिटे लागतात. मोटारीने पस्तीस, त्यात गाडी लावायला जागा शोधण्याची दहा मिनिटे आणि तेथून चालत येण्याची पाच. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मध्यवर्ती रस्ते बंद होतात, तेव्हा सायकल हातात धरून का होईना, ते दुकानाच्या दारापर्यंत पोहोचतात.

रस्ता जसा दिसतो तसा

त्यांचा मार्ग स्वारगेटच्या गर्दीला वळसा घालून घोरपडे पेठ आणि गंज पेठेतून रविवार पेठेत येतो. मोटारीच्या काचेआडून चाळीस वर्षे पाहिलेले शहर सायकलवरून वेगळे दिसले, असे ते म्हणतात. कोणत्या वळणावर चेंबरचे झाकण रस्त्याच्या पातळीखाली गेले आहे, कोणत्या चौकात पावसाचे पाणी साचते, कोणत्या वेळी कोणत्या शाळेची रिक्षा येते, हे सारे त्यांना पाठ झाले आहे. पदपथावर बसून वर्तमानपत्रांच्या पुरवण्या घालणारी मुले, हातगाडी ओढणारे हमाल, भाजीच्या पाट्या उतरवणाऱ्या बाया यांच्याशी ओळख झाली. एका पंक्चरवाल्याने सांगितलेली गोष्ट त्यांच्या विशेष लक्षात राहिली आहे. पूर्वी त्याच्याकडे दिवसाला वीस-पंचवीस सायकली येत, आता आल्याच तर दोन-तीन. आणि त्या चालवणारे एक तर पहारेकरी आणि मजूर असतात, नाही तर महागडी शिरस्त्राणे घातलेले हौशी सायकलपटू. मधला वर्ग नाहीसा झाला आहे.

सायकलींसाठी काहीच झाले नाही, असे नाही. २००६ च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर जलद बससेवेचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा त्याच्या कडेने सायकल मार्गही आखले गेले. २०१७ च्या अखेरीस शहराचा सर्वंकष सायकल आराखडा संमत झाला आणि भाडेतत्त्वावरील रंगीत सायकली रस्त्यांवर आल्या. काही वर्षांतच त्या बहुतांशी दिसेनाशा झाल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. या गृहस्थांच्या मते सायकलीची किंमत हा अडथळा कधीच नव्हता. सायकल मार्ग दोनशे मीटर सलग असतो, मग एखादा खांब, टपरी किंवा उभी केलेली दुचाकी आडवी येते आणि सायकलस्वाराला पुन्हा बसच्या चाकांशेजारी उतरावे लागते. तुटक मार्ग हा मार्ग नसल्यासारखाच असतो.

मुसळधार पावसात ते सायकल काढत नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेट आणि मंडई ही मेट्रोची भुयारी स्थानके सुरू झाल्यापासून अशा दिवशी ते मेट्रोने मंडईला येतात आणि पुढे चालतात. घर ते स्थानक सायकल आणि पुढे मेट्रो ही जोडी शहराला मानवेल, असे त्यांना वाटते. मात्र स्थानकापाशी कुलूप लावून निर्धास्तपणे सायकल ठेवता आली पाहिजे.

आपल्याच दुकानासमोरचा पदपथ

त्यांची सर्वांत अप्रिय मते व्यापाऱ्यांविषयी आहेत आणि ती त्यांनी प्रथम स्वतःला लावून पाहिली. दुकानासमोरच्या पदपथावर कापडाचे गठ्ठे ठेवण्याची प्रथा त्यांच्या वडिलांच्या काळापासून होती. एके दिवशी गठ्ठ्यांमुळे रस्त्यावर उतरलेली एक वृद्ध बाई त्यांच्याच सायकलीसमोर आली. ब्रेक लागला, बाई बचावली, ते स्वतः पडले आणि मनगट मुरगळले. “माल माझा, पडलो मी, म्हणून हिशेब जुळला. ती पडली असती तर?” असे ते म्हणतात. गठ्ठे त्याच आठवड्यात आत गेले. त्यासाठी पोटमाळ्याची दुरुस्ती करावी लागली आणि दुकानातील बैठकीची जागाही कमी झाली.

पुढचा प्रयत्न तितका यशस्वी झाला नाही. अकरा-बाराच्या सुमारास माल उतरवणारे टेम्पो अरुंद रस्ता अडवतात. सर्वांनी सकाळी नऊच्या आत माल उतरवावा, असे त्यांनी शेजाऱ्यांना सुचवले. हमालांना लवकर बोलवायचे तर जादा मजुरी द्यावी लागते, नोकर वेळेवर येत नाहीत, वाहतूकदार ऐकत नाही, अशा रास्त अडचणी पुढे आल्या. आज त्यांच्यासह तीनच दुकाने ही वेळ पाळतात.

११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन पाळण्यात आला. गाडी दुकानापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक मॉलकडे वळेल, ही व्यापाऱ्यांची जुनी भीती. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, मॉलमध्येही गाडी दुकानाच्या दारात लागत नाही. तळघरात लावून गिऱ्हाईक चालतच येते. फरक इतकाच की, तेथे त्याला बसायला बाक, स्वच्छ प्रसाधनगृह आणि निर्धास्तपणे चालायला जागा मिळते. हेच पेठेत का देता येऊ नये? घाऊक बाजाराला मात्र हा न्याय जसाच्या तसा लागू होत नाही, हेही ते मान्य करतात. गठ्ठे खांद्यावर नेता येत नाहीत, टेम्पो यावाच लागतो. म्हणून तेथे बंदीपेक्षा वेळेची शिस्त त्यांना महत्त्वाची वाटते.

सायकलस्वारांनाही ते सोडत नाहीत. एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेने सायकल घालण्याचा मोह त्यांनाही झाला आहे आणि आरंभी ते त्याला बळीही पडले. आता ते तेवढ्यापुरते उतरून पायी चालतात. रात्री मागे लाल दिवा नसलेल्या सायकलस्वाराने मोटारचालकाला दोष देऊ नये, असेही त्यांचे मत आहे.

नातवाचा प्रश्न

गेल्या वर्षी नववीतील नातवाने विचारले, “दादाजी, तुम्ही जाता, मग मी शाळेत सायकलने का नाही जायचे?” शाळा घरापासून दोन किलोमीटर. सहा वर्षे घरीदारी सायकलीची बाजू मांडणाऱ्या या गृहस्थांना त्या दिवशी उत्तर देता आले नाही. सुनेने मात्र लगेच नकार दिला आणि त्यांनी तो खोडून काढला नाही.

तिची भीती निराधार नव्हती. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार आणि १९ टक्क्यांहून अधिक पादचारी होते. आज सायकलींसाठी नावाजलेल्या नेदरलँड्समध्येही १९७१ साली सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर दगावली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेथील पालकांनी ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाने चळवळ उभारली, रस्ते अडवले आणि त्यानंतर ते रस्ते बदलत गेले. तेथील मुले आज सायकलने शाळेत जातात, यामागे ही कहाणी आहे.

नातवाला नकार कळवण्याऐवजी आजोबांनी आठ दिवस मागून घेतले. शाळेच्या वेळी ते रोज त्या रस्त्याने स्वतः सायकल चालवत गेले. मुख्य रस्ता टाळून सोसायट्यांच्या मागून जाणारी वाट त्यांनी शोधली. एक चौक तरीही धोक्याचा निघाला. तेथे सिग्नल आहे, पण वळणाऱ्या बस थांबत नाहीत. मग त्याच वाटेवरच्या आणखी दोन घरांतील मुलांच्या पालकांशी ते बोलले. तिघांनी एकत्र जायचे, त्या चौकात उतरून सायकल हातात धरून ओलांडायचा, मागे-पुढे दिवे लावायचे आणि पावसाळ्यात रिक्षानेच जायचे, अशा अटी ठरल्या. सुनेने त्या कागदावर लिहून घेतल्या आणि फ्रिजवर लावल्या.

जानेवारीपासून तिघे मुलगे सायकलने शाळेत जातात. त्या चौकातील वळणाबाबत तिन्ही घरांच्या सह्यांचा अर्ज वाहतूक शाखेकडे दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. तोपर्यंत आजोबा दुकानाला वीस मिनिटे उशिरा निघतात आणि मुले पलीकडे जाईपर्यंत चौकात सायकल धरून उभे राहतात.