तांडा म्हणजे तळ नव्हे

फर्दापूरच्या टी-पॉइंटला पर्यटक आपली गाडी लावतात आणि अजिंठा लेण्यांच्या बसमध्ये चढतात. तिथे घागऱ्यातली एखादी म्हातारी बंजारा बाई दिसली, की मोबाईल बाहेर निघतात आणि कुणीतरी माहीतगार सांगतो, "भटके लोक हे. आज इथं, उद्या तिथं." ती बाई बहुधा जवळपासच्या तांड्यातली असते. तिच्या आजेसासूनेही तिथेच चूल मांडलेली असायची शक्यता बरीच. उद्या दुसऱ्या गावाला असणार तो फोटो काढणारा.

बंजारा हौसेने भटकत होते, हा मुळातला गैरसमज. ते फिरणं धंद्याचं होतं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्याच्या गोण्या लादून मुलूख ओलांडायचा, त्याला लदेणी म्हणत. बुऱ्हाणपूरहून औरंगाबादकडे येणारी वाट अजिंठ्याचा घाट चढण्याआधी फर्दापुरात विसावायची, म्हणून तर इथे मुघल काळातली सराई आहे. १८०३ साली इथून फार लांब नसलेल्या असईला लढाई झाली. त्या मोहिमेत वेलस्लीची इंग्रज फौज धान्यासाठी बंजाऱ्यांच्या बैलांवर विसंबून होती. मग रेल्वे आली. १८७० मध्ये मुंबई ते कोलकाता सलग लोहमार्ग झाला, तोही जळगाव-भुसावळवरून. गोण्या वाघिणीतून जाऊ लागल्या आणि लदेणी बसली.

"पुरुषांनी वस्ती वसवली, बायका मागोमाग आल्या" असं सरसकट समजतात. तांड्याला नाव नाईकाचं, म्हणजे तिथल्या प्रमुखाचं असतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण बैलांचं काम गेल्यावर घर चालणार कशावर? बाईच्या कामावर. रानातून मोळी आणायची, ती डोक्यावरून बाजारात नेऊन विकायची, परक्याच्या शेतात निंदायला-वेचायला जायचं, परतताना पाणी आणायचं. कुडाच्या भिंती लिंपायच्या त्याही तिनेच. बिऱ्हाड बैलावरून उतरलं आणि त्यातलं बरंचसं ओझं बाईच्या डोक्यावर आलं, असं मला वाटतं.

पोशाखाबद्दल तर विचारूच नका. आरसे लावलेला फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) म्हणजे कार्यक्रमात नाचायचा ड्रेस, अशी समजूत शाळेच्या गॅदरिंगांनी पक्की करून टाकली आहे. खरं तर तो अंगावरचा रोजचा कपडा होता, आणि घरीच शिवलेला. कांचळी जवळून पाहा: पाठ उघडी, पुढे चिंध्यांचे तुकडे जोडून केलेली नक्षी, मधे आरसे, कडेला नाणी नाहीतर कवड्या. डोक्यावरच्या चुंबळीलासुद्धा कवड्या. दंडापर्यंत भरलेल्या बलिया, म्हणजे बांगड्या, एकेकाळी हस्तिदंती होत्या. केसांत कानांशी लोंबणारी घुगरी दिसली की बाई लग्न झालेली आहे हे लांबूनच कळायचं. आता तरुण मुली साडी नाहीतर पंजाबी ड्रेस घालतात. एवढं वजन अंगावर घेऊन कापूस वेचून पाहिलेल्या कुणालाही त्याचं कारण विचारायला नको.

बंजाऱ्यांची गोरबोली ही मोडकी मराठी किंवा बिघडलेली हिंदी नाही. ती राजस्थानी वळणाची स्वतंत्र बोली आहे. आईला याडी, भाकरीला बाटी. जनगणना मात्र ती हिंदीच्या खात्यात मोजते. २०११ साली लमाणी-लंबाडी या तिच्या एकाच नावाखाली बत्तीस लाखांहून अधिक लोकांची नोंद झाली.

सरकारदरबारी बंजारा सगळीकडे एकाच यादीत आहेत, हेही खरं नाही. महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत. राज्याची सीमा ओलांडून सून आली, की माहेर एका यादीत आणि सासर दुसऱ्या.

आता राहिला ऊस. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या कितीतरी तांड्यांतली माणसं ऊसतोडीला जातात, घरांना कुलपं लागतात, आणि लोक म्हणतात, "रक्तातच आहे यांच्या." रक्तात काही नाही, मुकादमाकडून घेतलेली उचल असते, ती फेडायची असते. कोरडवाहू जमिनीवर वर्ष निघत नाही. या धंद्यात "एक कोयता" म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. मजुरी कोयत्याची, टनावर. उचल बहुतेकदा नवऱ्याच्या हातात. फडाशेजारी कोपी बांधायची, पहाटे अंधारातच भाकऱ्या थापायच्या, तान्हं पोर बांधाला झोळीत ठेवायचं. पाचेक महिने हेच.

तरीही तांडा पुरता रिकामा होत नाही. शाळेतली नातवंडं घेऊन म्हातारी मागे राहते. शेळ्या तिच्याकडे, वेळेवर रेशन आणणं तिच्याकडे. आणि कुणी वावरात दोन सरी हरभरा टाकून गेलं असेल, तर त्याची राखणही तिच्याकडेच.