मारुतीच्या कुठवर आलंय?

गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, ते पाटबंधारे खातं सांगतं. नाशिकच्या पंचवटीतला माणूस मात्र विचारतो, “मारुतीच्या कुठवर आलंय?” रामकुंडाच्या जरा खाली, गोदावरीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी पायाशी आलं की पात्रातल्या टपऱ्या हलायला लागतात. गुडघ्याला लागलं की भांडी बाजाराकडचे दुकानदार खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवतात. कमरेला आलं की पुलांवर बघ्यांची गर्दी होते आणि छातीला लागलं की सराफ बाजारातही झोप उडते. 2008 च्या सप्टेंबरात आणि 4 ऑगस्ट 2019 ला पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं.

इथल्या नदीकाठावर सरकारने गेल्या पंचवीस वर्षांत जो पैसा ओतला, त्याचा हिशेब मला याच मूर्तीपाशी उभं राहून मांडावासा वाटतो. कारण काठाचं म्हणून जे काही इथे बांधलं जातं, ते वर्षातून एकदा तरी पाण्याखाली जायचंच असतं.

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. “गंगेवर जाऊन येतो” म्हणजे रामकुंड, गांधी तलाव, म्हसोबा पटांगण, गौरी पटांगण, नारोशंकराचं देऊळ आणि सांडव्यावरची देवी. बुधवारचा बाजार इथेच बसतो, दशक्रिया इथेच होतात, बाहेरगावचे लोक अस्थी घेऊन इथेच येतात. नदीकाठ ‘विकसित’ करायचा म्हटलं की डोळ्यांपुढे मोकळी जमीन येते. इथे तशी जमीन कधी नव्हतीच. इथे माणसं होती, दगड होते आणि नेमधर्म होता.

पैसा बहुतेक वेळा कुंभमेळ्याच्या निमित्ताने आला. बारा वर्षांनी सरकारला नाशिक आठवतं, आणि जे करायचं ते शाहीस्नानाच्या आत उरकायचं असतं. 2003 च्या सिंहस्थाच्या वेळी याच घाईत पात्राच्या आणि कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. गाळ साचू नये, पाय घसरू नये, गर्दी सांभाळता यावी, हा त्यामागचा विचार. त्या वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. म्हणजे गर्दीची भीती खोटी नव्हती. पण उपाय नदीच्या जिवावर बेतला. रामकुंड, लक्ष्मण कुंड, रामगया, दशाश्वमेध, खंडेराव अशी 17 कुंडं जुनी माणसं मोजून सांगतात. ही कुंडं नुसती धरणाच्या पाण्यावर जगत नव्हती. त्यांना तळातून झरे होते. काँक्रीटने त्या झऱ्यांची तोंडं बुजली.

त्याचा अर्थ एप्रिल 2016 मध्ये सगळ्यांना कळला. दुष्काळ होता, धरणातून पाणी सुटत नव्हतं आणि रामकुंड कोरडं पडलं. गुढीपाडव्याच्या स्नानासाठी तिथे टँकरने पाणी ओतावं लागलं. ज्या तीर्थासाठी कोट्यवधी खर्चले, त्या तीर्थात टँकर रिकामा होताना पाहणं जुन्या पंचवटीकरांना किती लागलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नाशिकची निवड केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानात झाली. पैशाची रचना अशी, की शहरामागे केंद्राचे 500 कोटी आणि तेवढाच वाटा राज्य आणि महापालिकेने मिळून घालायचा. खर्च करणार महापालिकेचा नेहमीचा विभाग नव्हे, तर खास त्यासाठी काढलेली कंपनी. त्यात ‘प्रोजेक्ट गोदा’ आला. काठावर फिरायची वाट, दिवे, बाग, पादचारी पूल, पात्रातला गाळ काढणं आणि होळकर पुलाखालच्या जुन्या बंधाऱ्याच्या जागी उघडझाप करणारे दरवाजे. दरवाज्यांची कल्पना मला मनापासून पटते. पक्का बंधारा पाण्याबरोबर गाळही धरून ठेवतो. दरवाजे पुरात वर घेतले की गाळ पाण्याबरोबर पुढे जातो आणि हिवाळ्यात खाली सोडले की पाणी अडतं.

पण या सगळ्या यादीतलं सर्वांत मोलाचं काम बांधण्याचं नव्हतंच. ते फोडण्याचं होतं. गोदाप्रेमी नागरिक वर्षानुवर्षं जुने नकाशे हातात घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते, न्यायालयात जात होते. शेवटी काही कुंडांतलं काँक्रीट काढायला सुरुवात झाली. काँक्रीट घालायचं बिल एकदा जनतेने भरलं आणि ते उखडायचं बिलही जनतेनेच भरलं. तरीही या शहरात नदीवर खर्चलेला सर्वांत शहाणा रुपया तोच, असं मी म्हणेन.

त्याच योजनेत 2022 साली घाटाच्या जुन्या दगडी पायऱ्या उचकटल्या गेल्या, तेव्हा लोक रस्त्यावर आले, आणि ते बरोबरच होतं. झिजून गुळगुळीत झालेली काळ्या दगडाची पायरी आणि यंत्राने कापलेली नवी फरशी यांत पायाला फरक कळतो. ओल्या पायरीवर टाच कुठे टेकायची, ते त्या झिजेनेच शिकवलेलं असतं. शिवाय ती पायरी शेकडो पुरांखाली जाऊन जागेवर राहिली होती. उलट, नदीकाठच्या गोदा पार्कचा भाग ऑगस्ट 2016 च्या पुरात वाहून गेला, ही गोष्ट निविदा काढणाऱ्यांनी विसरू नये.

काठापेक्षा कमी दिसणारं काम सांडपाण्याचं. 2012 साली नागरिकांनी उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेला उपाय सुचवायला सांगितलं गेलं. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक इथे मलनिस्सारण केंद्रं आहेत. त्यातली जुनी केंद्रं आजच्या कडक निकषांपर्यंत आणायला पैसा लागतो. वाघाडी आणि नासर्डी या उपनद्यांतून येणारं मैलापाणी वाटेतच अडवायला लागतं. त्या पैशाची फीत कापता येत नाही, कोनशिला बसत नाही. पण वाघाडीच्या तोंडाशी पाच मिनिटं नाक उघडं ठेवून उभं राहिलं, की दिव्यांचे खांब आधी की गटाराची वाहिनी आधी, हा प्रश्न उरत नाही.

स्मार्ट सिटी अभियान 31 मार्च 2025 ला संपलं. आता पुन्हा कुंभ आहे. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान. राज्याने स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरण उभं केलंय, घाट वाढताहेत, निधीचे आकडे रोज छापून येताहेत. बाकीची दोन स्नानं 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबरला. म्हणजे तिन्ही स्नानं ऐन पावसाळ्यात. स्नानाच्या पहाटे आखाड्यांची मिरवणूक निघायच्या आधी प्रशासनातलं कोणीतरी पुलावर येऊन वाकून पाहील, की मारुतीच्या कुठवर आलंय.