तीन मिनिटांचं मौन

पुढचे दोन दात पडले, की माणसाला आधी भाकरीची चिंता लागते म्हणतात. मला लागली ती 'श' या अक्षराची. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत माझ्या कादंबरीतलं एक प्रकरण वाचत होतो. 'शालिनी' हे नायिकेचं नाव दर वेळी शिट्टी होऊन बाहेर पडे. श्रोते सभ्य, हसले ते रुमालाआड.

पुढच्याच आठवड्यात साताऱ्यात दंतवैद्याची खुर्ची गाठली. तरुण डॉक्टरांनी रबरी वाटीत पूड आणि पाणी झपाझप घोटलं, लगदा ट्रेमध्ये भरून माझ्या तोंडात बसवला. "काका, तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही." दीड मिनिटानं मी विचारलंच, "झालं का?" माप बिघडलं. ते रागावले नाहीत. त्यांनी नवी पूड काढली.

ही पूड अल्जिनेटची. तपकिरी समुद्रशेवाळापासून काढलेली. पूर्वी मापासाठी अगर वापरत. दुसऱ्या महायुद्धात जपानी अगर मिळेनासं झालं, तेव्हा पाश्चात्त्य देशांत अल्जिनेट पुढे आलं. पाणी पडलं की पुडीतल्या जिप्सममधलं कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना बांधतं आणि लगद्याचा खरवसासारखा लवचीक गोळा होतो. सोबतचं फॉस्फेट ते कॅल्शियम थोडा वेळ अडवून धरतं, म्हणून घोटायला सवड मिळते. पाणी कोमट असेल तर ही सवड घटते; उन्हाळ्यात डॉक्टर गार पाणी घेतात ते यासाठी.

दोन दातांची कवळी सांगलीच्या लॅबमध्ये व्हायची होती. "मी उद्या एस.टी.नं निघालोच आहे, माप पिशवीतून नेऊ का?" मी विचारलं. डॉक्टर हसले. "काका, कराड येईपर्यंत आक्रसेल ते!" उघडं ठेवलं तर पाणी सुटून माप आक्रसतं, पाण्यात ठेवलं तर फुगतं. म्हणून त्यांनी लगेच त्यात प्लास्टर ओतलं. घट्ट होताना ते हाताला चांगलं गरम लागलं. तो साचा मात्र खुशाल प्रवास करू शकतो.

त्याच बैठकीत एक किडलेली दाढही भरली. माझ्या तरुणपणी चांदीचं मिश्रण भरत. त्यात निम्म्याच्या आसपास पारा. त्याचा वापर कमी करण्याचं २०१३ च्या मिनामाता करारात ठरलं. माझ्या दाढेत गेलं ते ग्लास आयोनोमर. विल्सन आणि केंट यांनी १९७२ मध्ये जगापुढे मांडलेलं हे सिमेंट दाताला रासायनिक बंधानं धरून राहतं.

दुसऱ्या मापाच्या वेळी मी निमूट बसलो, आणि बँकेतली एक म्हातारी आठवली. पेन्शनच्या कागदावर तिचा अंगठा दोनदा पुसट उठला. "हलवू नका म्हटलं ना!" असं दरडावून मी तिला रांगेच्या शेवटी पाठवलं होतं. तिचा हात थरथरत होता, हे मला दिसलं होतं.

आता शालिनीचं नाव नीट उच्चारता येतं. त्या म्हातारीचं नाव मात्र कागदावर रोज वाचूनही मी लक्षात ठेवलं नव्हतं.