गाळणीखालचं पाणी

भांडी धुऊन झाल्यावर डिशवॉशरचा खालचा ट्रे ओढून काढला आणि गाळणी फिरवून उचलली, की तिच्याखालच्या खळग्यात थोडं पाणी दिसतं. यंत्र नवं असेल तर पहिली तक्रार हीच: मशीन सगळं पाणी फेकत नाही. 2020च्या टाळेबंदीत भांडी घासायला मावशी येईनाशा झाल्या, तेव्हा हे यंत्र बऱ्याच घरांत आलं आणि पाठोपाठ ही शंकाही आली. पण तेवढं पाणी तिथे असायलाच हवं. गाळणी बुडवून ते टबच्या तळावर पसरलं, तरच काहीतरी अडलं आहे असं समजावं. आणि तेव्हाही मेकॅनिकला बोलावण्याआधी सिंकखाली वाकून बघणं शहाणपणाचं.

थोडं पाणी राहतं, त्याचं कारण पंपात आहे. पाणी फेकणारा पंप पात्यांनी पाणी ढकलतो. पातळी उतरून पात्यांशी हवा आली की त्याची पकड सुटते आणि शेवटचा घोट त्याला उचलता येत नाही. शिवाय बाहेर जाणारा पाईप आधी वर चढवून मग मोरीकडे उतरवतात. पंप थांबला की चढत्या भागातलं पाणी माघारी येऊ पाहतं. पाईपची आतली रुंदी 20 मिलिमीटर आणि चढ 60 सेंटिमीटर धरला, तर हे पाणी 190 मिलिलिटरच्या आसपास भरतं, म्हणजे जवळजवळ पेलाभर. ते अडवायला बऱ्याच यंत्रांत एकाच दिशेने उघडणारी झडप असते, पण तिच्यात एखादी मोहरी अडकली तरी ती नीट मिटत नाही. मग चढ काढूनच टाकला तर? पाईप थेट खाली नहाणी ट्रॅपमध्ये सोडला, तर धुणं चालू असतानाच पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहून जाऊ शकतं. पेलाभर पाणी परत येणं त्यापेक्षा बरं.

पातळी खरोखरच वाढलेली असेल, तर पाण्याचा रंग बघावा. ते स्वच्छ असेल तर शेवटचं विसळण्याचं पाणी अडलंय किंवा मागे आलंय. हळदीचा पिवळेपणा, तेलाचा तवंग, भाताची शितं दिसली, तर गाळणी तुंबली असेल, पंपाच्या पात्यात काचेचा तुकडा किंवा टूथपिक असेल, नाहीतर ते पाणी मुळात या यंत्राचं नसेलच. पाईप बऱ्याचदा सिंकच्याच ट्रॅपला जोडलेला असतो. पुढची नळी तुपातेलाने आवळली की सिंकमधलं खरकटं पाणी उलटं डिशवॉशरमध्ये शिरतं. हे तपासणं सोपं आहे: यंत्र बंद ठेवून सिंकमध्ये पातेलंभर पाणी ओतायचं. टबमधली पातळी वाढली, तर काम प्लंबरचं. रात्री कोरडा दिसलेला टब सकाळी भरलेला असेल, तर संशय इकडेच न्यावा. आत फेसच फेस असेल, तर भांडी घासायचं साधं लिक्विड कुणीतरी घातलंय. फेसातली हवा पंपाला पाणी ढकलू देत नाही.

यावर स्वच्छतेचा आक्षेप येतो: कालच्या पाण्यात आजची भांडी धुवायची? बहुतेक यंत्रं आधी पंप चालवून जुनं पाणी फेकतात, मगच नवं घेतात. जे उरतं त्यावर पुढे विसळण्याचं पाणी आणखी पडतं. आक्षेपाचं बळ दुसरीकडे आहे. गाळणी आठवडेच्या आठवडे धुतली नाही, तर त्याच पेलाभर पाण्यात अन्न कुजतं आणि दार उघडताच वास येतो. पण तो दोष गाळणीत साचलेल्या अन्नाचा. ती नळाखाली ब्रशने घासली की वास जातो. डासांची भीती मात्र उगाच नाही. गणपतीला पंधरा दिवस गावी जाताना दार किलकिलं ठेवायचा सल्ला वासापुरता ठीक आहे, पण खळग्यात पाणी असेल तर त्याच फटीतून डासही आत जाईल. म्हणून निघताना स्पंजने ते टिपून घ्यावं. कोरडं पडून पंपाचं सील खराब होईल असं कुणी म्हणेल. ती काळजी कित्येक महिने बंद राहणाऱ्या घराने करावी.