कॅन्सरची गाठ आणि तिच्या रक्तवाहिन्या

ओळखीतल्या एका काकूंचा गेल्या आठवड्यात फोन आला. काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, आणि केमोसोबत बेव्हॅसिझुमॅब नावाचं इंजेक्शन सुरू झालंय. "हे रक्तवाहिन्यांवरचं औषध म्हणे. मग कॅन्सरला कशाला?"

प्रश्न अगदी नेमका आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रक्तवाहिनीतून ऑक्सिजन आजूबाजूला झिरपतो तो जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर. त्यामुळे गाठ एक-दोन मिलिमीटरची झाली की आतल्या पेशी गुदमरू लागतात. मग त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना गाठीच्या दिशेने फांद्या फुटतात.

गाठ वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकन सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलं, तेव्हा फारसं कुणाला पटलं नव्हतं. तरी ते मागे हटले नाहीत. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

मायक्रोस्कोपखाली या नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या दिसतात, कुठे फुगलेल्या, कुठे दबलेल्या. भिंती गळक्या असतात, आणि तिथूनच कॅन्सरच्या पेशी रक्तात शिरतात. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं. म्हणून आतड्याचा कॅन्सर बऱ्याचदा यकृतात पसरतो.

बेव्हॅसिझुमॅब व्हीईजीएफला धरून ठेवतं. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. एकट्याने ते सहसा पुरं पडत नाही, म्हणून केमोची जोड.

एक मात्र लक्षात ठेवा. याने बीपी वाढू शकतं, जखमा भरायला वेळ लागतो. ऑपरेशन ठरलं किंवा साधा दात काढायचा असला, तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

काही शंका असेल, रिपोर्टमधला एखादा शब्द अडला असेल, तर जरूर विचारा.