कार्बन ब्रेकची झीज कशी कमी होते?

रचना : प्रवासी विमानाच्या चाकात चकत्यांची चळत बसवलेली असते. एक चकती चाकाबरोबर फिरते, तिच्या शेजारची स्थिर राहते. पिस्टनच्या दाबाने त्या एकमेकींवर घासतात आणि विमानाच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते.

झिजेचे कारण : पोलादी ब्रेकची झीज शोषलेल्या ऊर्जेनुसार वाढते. कार्बन ब्रेकची झीज मात्र मुख्यतः ब्रेक किती वेळा लावला यावर ठरते. तो किती जोरात लावला याला तुलनेने कमी महत्त्व असते. त्यातही थंड कार्बन जास्त झिजतो. म्हणून बरीचशी झीज धावपट्टीवर उतरताना नव्हे, तर धावपट्टीला जोडणाऱ्या मार्गावर (टॅक्सीवेवर) हळू चालताना, म्हणजे टॅक्सी करताना होते.

उपाय : टॅक्सी करताना पाय सतत पेडलवर ठेवू नये. वेग सुमारे ३० नॉटपर्यंत (ताशी ५५ किमी) वाढू द्यावा, मग एकदाच ठामपणे ब्रेक लावून तो १० नॉटवर आणावा आणि ब्रेक पूर्ण सोडावा. उतरताना ऑटोब्रेक एकसलग दाब देतो, त्यामुळे वारंवार ब्रेक लावणे टळते.

दुसरा शत्रू : अतितप्त कार्बनचे ऑक्सिडीकरण होते. बर्फ वितळवण्यासाठी धावपट्टीवर फवारलेले पोटॅशियमयुक्त क्षार ही प्रक्रिया आणखी वेगवान करतात.

तपासणी : ब्रेकवर एक छोटी धातूची पिन बाहेर डोकावते. चकत्या झिजतात तशी ती आत जाते. पार्किंग ब्रेक लावलेला असताना पिन पृष्ठभागाशी समतल झाली, की ब्रेक बदलावा लागतो.