एकचाकी सायकलच्या बैठकीसाठी भरावाच्या साहित्याची निवड

एकचाकी सायकलला हँडल नसते. त्यामुळे पायांवर येणारा अंश वगळता चालकाचा सर्व भार बैठकीवर पडतो. अशा वेळी भराव जितका मऊ तितका सुखकर, हा प्रचलित समज टिकत नाही. अतिमऊ पॉलियुरेथेन फोम भाराखाली पूर्ण दबतो, बसण्याची हाडे रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागातील नसांवर व रक्तवाहिन्यांवर जातो. बधिरता ही त्याचीच खूण होय. तिच्याकडे दुर्लक्ष करणे इष्ट नाही. घट्ट ईव्हीए फोम सहसा तळ गाठत नाही व पाणीही शोषत नाही; थोड्या अंतरासाठी तो पुरेसा ठरतो. जेल मात्र जड असते.

लांब पल्ल्याचे काही चालक फोम काढून आवरणाखाली मुलांच्या सायकलची ट्यूब घडी घालून बसवतात. हवेमुळे भार अधिक क्षेत्रावर पसरतो. ५०० न्यूटन भार १०० ऐवजी २०० चौरस सेंटिमीटरवर आल्यास सरासरी दाब ५० वरून २५ किलोपास्कल होतो. (दाबाचे सूत्र शिकवताना हे उदाहरण वर्गातही उपयोगी पडावे.) परंतु हवा अधिक भरल्यास बैठक डुलते, आणि एका चाकावर तोल सावरणाऱ्यास ते परवडत नाही. यास्तव ट्यूबवर घट्ट फोमचा पातळ थर द्यावा, व्हॉल्व्ह हाताशी ठेवावा व प्रत्यक्ष बसून हवा थोडी थोडी कमी करावी. त्यानंतरच बैठकीची उंची पुन्हा जुळवावी.